चाळीस नंबरची शेवटची धाव

फोन ठेवून अर्विन साबो वळला, तेव्हा त्याला स्वयंपाकघरातून वाफ येताना दिसली.

तो दारातच थबकला. बेसिनमध्ये प्लॅस्टिकच्या अकरा छोट्या बैठका पडल्या होत्या, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढी, आणि त्यांच्यावर नळाचं कढत पाणी कोसळत होतं. आठ मिनिटं कोसळत होतं. तो आकडा त्याने नंतर फोनमध्ये बघून काढला. नळ बंद करताना बोट भाजलं, तेही नंतरच कळलं.

त्याने एक बैठक उचलून उलटी केली. खालचे दाते, दाढीच्या ब्रशाच्या केसांसारखे बारीक, एका रांगेत ताठ उभे होते. कारखान्यातून आज निघाल्यासारखे.



विजेवरच्या फुटबॉलात, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या टेबलावरच्या खेळात, गडी पळतो तो या दात्यांवर. पत्र्याच्या मैदानाखाली मोटर असते. बटण दाबलं की पत्रा थरथरतो आणि बैठकांवर उभे केलेले बोटाएवढे गडी सरकू लागतात. कोणी कुठे सरकायचं ते दाते ठरवतात. एका बाजूचा दाता केसभर मागे वाकवला की गडी त्या बाजूला वळतो. टोलेडोच्या क्लबातली माणसं बारीक चिमटा घेऊन वर्षानुवर्षं हे दाते वाकवत बसतात, आणि एकेक गडी मनासारखा पळायला कधी दोन वर्षं लागतात, कधी दहा. गरम पाणी लागलं की प्लॅस्टिक सैल पडतं आणि दाते मूळपदावर येतात. सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बैठका गार पाण्यातच धुवायच्या, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. सव्वीस वर्षं ते सांगायचं काम अर्विनकडे होतं.

आणि या बैठका त्याच्या नव्हत्या. होझिया ब्रूटनच्या होत्या. होझियाला जाऊन तीन आठवडे झाले होते.

होझिया गेला तो आपल्या घराच्या तळघरात, मैदानासमोर बसलेला असतानाच. हातातला कॉफीचा पेला गड्यांवर उपडा झाला. दूध-साखरेची कॉफी. त्याच्या बायकोने, व्हर्नाने, नंतर ते सगळं तसंच पेटीत भरलं आणि झाकण लावलं. चार दिवसांपूर्वी ती पेटी घेऊन अर्विनच्या दारात आली.

"हे असं चिकट घेऊन मी त्याला मैदानात पाठवणार नाही," ती म्हणाली. "मला पुन्हा हात लावायचा धीर होत नाही. तू धुऊन आण."

क्लबात रीत अशी की सभासद गेला की पुढच्या मेळाव्यात त्याचा संघ एकदा शेवटचा मैदानात मांडायचा. समोर क्लबाचा संघ. बटण घरच्या माणसाने दाबायचं. त्याचा पळणारा गडी चेंडू घेऊन निघतो तो जिथे थांबेल तिथे थांबेल. मध्ये कोणी बोट लावायचं नाही. मग तो गडी घरच्यांना द्यायचा. मेळावा शनिवारी होता. आज गुरुवार.

वाळलेली साखर गार पाण्याने निघेना, म्हणून अर्विनने नळ जरासा कोमटाकडे फिरवला होता. कोमटाने काही होत नाही. तेवढ्यात क्लबाचा म्होरक्या टॉलिव्हर याचा फोन आला. इमारतीत नुकताच नवा बॉयलर बसवला होता आणि कोमट पाणी मिनिटभरात कढत व्हायला लागलं होतं. अर्विनला हेही ठाऊक होतं. त्या वेळी आठवलं नाही एवढंच.

"साबो, शनिवारी तू काय आणणार?" टॉलिव्हरने विचारलं होतं. "मागच्या वर्षीचा तो कोबी नको. बर्फ पडत असताना खिडक्या उघडायला लागल्या होत्या."

"तुझ्या सुनेने तीनदा वाढून घेतला."

"ती पोटुशी होती. पोटुशी बाई खडूपण खाते. बरं, होझियाचे गडी?"

"धुतोय."

"गार पाण्यात, बरं का."

"मला शिकवतोस?"

"नाही बाबा. तुला कोण शिकवणार?" टॉलिव्हर हसला होता, आणि मग हसू आवरून म्हणाला होता, "चाळीस नंबर पळताना शेवटचा बघायचाय रे. अख्खा क्लब येतोय. अॅक्रनच्या क्लबातूनही चौघं येतायत."

चाळीस नंबर. अर्विनने त्याची बैठक शोधून काढली. मागच्या कडेला कानशीने घासलेल्या दोन खाचा, ती होझियाची खूण. उलटी केली. इथेही दाते सरळ.

आता हा चाळीस नंबर काय होता ते सांगायला हवं. दाते वाकवले की गडी वळतो, पण वळला की वळतच राहतो. गोल फिरून आपल्याच माणसाला धडकतो. होझियाचा चाळीस नंबर उजवीकडे वळायचा, अडवणाऱ्या दोन गड्यांच्या पाठीमागून कडेपर्यंत जायचा, आणि तिथे सरळ व्हायचा. वळून सरळ होणारा दुसरा गडी कोणी पाहिला नव्हता. कसा करतो ते होझियाने कोणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "मी काही करत नाही. मी त्याला विचारतो, कुठे जायचंय बाबा?"

गुरुवारची दुपार अर्विन सरावाच्या मैदानासमोर बसून होता. चिमट्याने एक दाता वाकवायचा, बटण दाबायचं, बघायचं. चाळीस नंबर गोल फिरला. दुसरा दाता वाकवला. गडी जागीच थरथरत राहिला. बाकीच्या दहांची चिंता नव्हती. ते अडवायचे गडी, नुसते पुढे सरकले तरी खपून गेले असते. याचं मात्र जमेना. क्लबाच्या एका जुन्या सामन्याची टेप त्याच्याकडे होती, ती लावली. टेपमध्ये होझियाचं कोपर दिसत होतं, टॉलिव्हरचं पोट दिसत होतं, आणि त्या दोन्हींच्या फटीतून चाळीस नंबर दोन सेकंद. अर्विनने ते दोन सेकंद किती वेळा पाहिले ते मोजलं नाही. बाहेर अंधार पडला तेव्हा लक्षात आलं की दिवा लावलेला नाही.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला एक दाता तुटला.

आवाजसुद्धा झाला नाही. चिमट्याच्या टोकाला पिवळट केसासारखं काहीतरी लागलं होतं. अर्विनने ते टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकला. काचेच्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं भट्टीवर काढली होती. एकदा वितळलेल्या काचेचा लोंढा त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला होता. तेव्हा तो हलला नव्हता. आता मात्र त्याला खुर्चीतून उठवेना. भट्टीत फार तर पाय गेला असता. इथे काय जाणार ते त्याला नीट दिसत होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा अॅरिझोनात. आठवड्यात त्याच्याशी कोणी बोलायचं ते गुरुवारी होझियाच्या तळघरात, आणि महिन्याच्या एका शनिवारी क्लबात. क्लबातल्या अठरा माणसांनी पाठ फिरवली तर त्याला नावाने हाक मारणारा टोलेडोत दुसरा कोणी नव्हता.

सांगून टाकावं. त्याने व्हर्नाला फोन लावला.

"अर्विन! बरं झालं फोन केलास," ती त्याला बोलूच देईना. "बहिणीला बोलावलंय डेट्रॉइटहून. तिला म्हटलं, चांगली टोपी घालून ये, सामना आहे. एक सांगू? एकेचाळीस वर्षांत मी त्या तळघरात धुण्याच्या यंत्रापुरतीच गेले. मी त्याला म्हणायचे, जा, खेळ जा तुझ्या बाहुल्यांशी. त्या दिवशीसुद्धा तेच म्हटलं. वरून ओरडून." ती थांबली. "मला एकदा बघायचंय तो खाली काय करत होता. एकदाच. तू काय म्हणत होतास?"

अर्विनने टेबलावरच्या तुटलेल्या दात्याकडे पाहिलं.

"किती वाजता येऊ, ते विचारायचं होतं," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने जे केलं ते नीट केलं. स्वतःच्या पेटीतली सगळ्यात चांगली बैठक काढली. ती उजवीकडे हलकं वळण घ्यायची. सरळ होत नसे, पण वळण इतकं मोठं होतं की मैदान संपेपर्यंत ते लक्षात आलं नसतं. बैठक पांढरी होती आणि होझियाची जुनी, पिवळी पडलेली. अर्विनने चहा केला, गार होऊ दिला, आणि बैठक त्यात बुडवली. या वेळी त्याने बुडवण्याआधी तीनदा बोट घालून पाहिलं. मग कानस घेऊन मागच्या कडेला दोन खाचा पाडल्या. खाचा ताज्या दिसत होत्या म्हणून त्यांत पेन्सिलीचं शिसं चोळलं. खरी बैठक कागदी रुमालात गुंडाळून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली. टाकून द्यायची हिंमत झाली नाही.

शनिवारी मेळाव्याला चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या कोटांचा आणि राजमा-खिम्याच्या चिलीचा वास एकत्र भरून राहिला होता. व्हर्ना जांभळी टोपी घालून पहिल्या खुर्चीत बसली होती, शेजारी तिची बहीण, तिच्या मांडीवर केकचा डबा. मधल्या टेबलावर मैदान. टॉलिव्हर वजनकाटा आणि भिंग घेऊन तयार होता. शेवटच्या धावेलाही तपासणी चुकत नसे. गडी बैठकीसकट चार ग्रॅमच्या वर भरता कामा नये, आणि बैठकीवर ज्याची त्याची खूण हवी.

"होझिया वर गेला तरी याच्या काट्यातून सुटका नाही," कोणीतरी म्हणालं.

"वरच्या काट्याची तयारी करून देतोय," टॉलिव्हर म्हणाला.

एकेक गडी काट्यावर चढू लागला. अर्विन भिंतीला टेकून उभा होता. सातवा. आठवा. नववा. टॉलिव्हर प्रत्येक गडी उलटा करायचा, भिंगातून बघायचा, "हां" म्हणायचा आणि मांडायचा. दहावा. मग चाळीस नंबर.

तीन पूर्णांक नऊ दशांश ग्रॅम. टॉलिव्हरने गडी उलटा केला. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं. अर्विनने दाराकडे बघितलं. कोट कुठे ठेवला ते त्याला आठवेना.

"साबो," टॉलिव्हरने हाक मारली.

"काय?"

"चकाचक धुतलेस रे. एवढी स्वच्छ बैठक होझियाने स्वतः कधी ठेवली नाही." त्याने गडी मांडला. "हां."

सुटलो, असं अर्विनला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतका वेळ तो धरून चालला होता की टॉलिव्हर पकडेल. आपण पकडले जाऊ या भीतीच्या आड दुसरी एक भीती होती, ती आता सगळी समोर आली. आता अडवणारं कोणी नव्हतं. आता व्हर्ना त्याचीच बैठक होझियाची समजून पळवणार होती.

टॉलिव्हरने व्हर्नाला हात देऊन उठवलं आणि टेबलाशी आणलं.

"हे बटण. मनात येईल तेव्हा दाब."

व्हर्नाने लगेच दाबलं नाही. "उचलून बघू का?"

"आता उचलायची रीत नाही," टॉलिव्हर म्हणाला, "पण तू बघ."

तिने चाळीस नंबर तळहातावर घेतला. इतका छोटा तो तिच्या हातात हरवून गेला. तिने तो फिरवला. मागच्या कडेच्या दोन खाचांवर तिचं नख थांबलं. नख त्या खाचांवरून पुढे गेलं, मागे आलं. पुन्हा पुढे गेलं.

"हे त्याने केलं ना?" ती अर्विनला म्हणाली. "कानशीने? मला वर तो आवाज यायचा. खर्र खर्र. मी म्हणायचे, काय उंदीर लागलाय."

अर्विनने मान डोलावली. अख्खा क्लब बघत होता. तिने गडी जागेवर ठेवला आणि बोट बटणावर नेलं.

"थांब," अर्विन म्हणाला.

आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. तो टेबलापर्यंत कसा आला तेही कळलं नाही. "ती त्याची नाही. ती माझी बैठक आहे. खाचा मी पाडल्या, काल. त्याची मी गरम पाण्यात घातली. दाते गेले. एक तुटला."

व्हर्नाने बटणावरचं बोट उचललं.

"गरम?" टॉलिव्हर म्हणाला. "तू? गरम पाण्यात?"

"फोन आला. नळ चालू राहिला."

"कधी?"

अर्विनने टॉलिव्हरकडे पाहिलं. टॉलिव्हरने मनाशी हिशेब लावला असावा. त्याचा चेहरा उतरला. "गुरुवारी," तो हळू म्हणाला. "मी तुला कोबीचं सांगत होतो." पण पुढच्याच क्षणी तो म्होरक्या झाला. "तरी खोटी खूण पाडलीस. या टेबलावर आजवर कोणी हे केलेलं नाही, साबो. कोणी नाही."

"माहीत आहे."

"तुझी क्लबाची चावी ठेवून जा."

अॅक्रनचा एक जण मागून म्हणाला, "अरे, बाईंसमोर तरी..."

व्हर्नाने हात वर केला. ती कोणाकडेच बघत नव्हती. गड्याकडे बघत होती. "त्याची खरी कुठे आहे?"

अर्विनने खिशातून कागदी रुमाल काढला. टॉलिव्हरने तो ओढून घेतला आणि उलगडला. भिंगातून एकदा पाहिलं आणि भिंग ठेवून दिलं.

"हा पळणार नाही, व्हर्ना. मी तुला आधीच सांगतो. हा आता फक्त फिरेल."

"बसव."

"तू पहिल्यांदाच बघतेयस. असं बघू नकोस."

"टॉलिव्हर, तो माझा नवरा होता. त्याच्या पायांवर बसव."

त्याने गड्याची बैठक बदलली. तिने बटण दाबलं.

पत्रा गुणगुणला. बावीस गडी थरथरले. चाळीस नंबर निघाला, डावीकडे. स्वतःच्याच अडवणाऱ्याला धडकला, वळला, गोल फिरला, आणि मग हळूहळू उलटा, आपल्याच टोकाकडे सरकत जाऊन कडेच्या पट्टीला तोंड लावून उभा राहिला. तिथे तो थरथरत राहिला. चेंडू केव्हाच पडला होता. कोणी हसलं नाही. व्हर्नाच्या बहिणीने केकचा डबा घट्ट धरला होता.

अर्विनला बघवत नव्हतं आणि मान वळवताही येत नव्हती.

"असा पळायचा?" व्हर्नाने विचारलं.

"नाही!" एकदम सात-आठ जण ओरडले.

"मग कसा?"

"इथून निघायचा," टॉलिव्हरने बोट पत्र्यावर टेकवलं. "या दोघांच्या मागून, असा..."

"मागून कुठला? मधून."

"तू गप रे, तू दरवेळी चिली आणायला गेलेला असायचास."

"चिली खात होतो म्हणून डोळे मिटले होते का? वीस यार्डांवर वळायचा."

"वीस नाही, तीस. माझ्या संघाच्या छाताडावरून गेलाय तो, मला विचारा."

"तुझ्या छाताडावरून माझी आजीपण गेली असती."

टेबलाभोवती बोटांची गर्दी झाली. जो तो आपली रेघ दाखवत होता आणि दुसऱ्याचं बोट बाजूला सारत होता. अॅक्रनचा म्हातारा पत्र्यावर झुकून शपथेवर सांगत होता की तो गडी वळण्याआधी एक क्षण थांबायचा. कोणी म्हणालं थांबायचा नाही, तसं वाटायचं. मोटर चालूच होती. व्हर्नाने बटणावरचं बोट काढलं नव्हतं. ती मैदानाकडे नाही, त्या माणसांच्या तोंडांकडे बघत होती, एकापाठोपाठ एक.

अर्विन एव्हाना गर्दीच्या बाहेर सरकला होता. क्लबाची चावी त्याने खिशातून काढून मुठीत धरली होती. कुठे ठेवायची ते कळत नव्हतं.

"अर्विन," व्हर्ना म्हणाली.

गडबड थांबली. आता, त्याला वाटलं. आता ती मला जा म्हणेल.

"हे सगळे भांडतायत. दर गुरुवारी तू त्याच्यासमोर बसायचास. कुठून वळायचा?"

माणसांनी वाट दिली. तो टेबलाशी आला. चावी असलेली मूठ मागे धरून त्याने दुसऱ्या हाताचं भाजलेलं बोट पत्र्यावर टेकवलं. थरथर दंडापर्यंत चढली.

"इथे वळायचा," तो म्हणाला. बोट उजवीकडे नेलं, कडेपर्यंत. "आणि इथे सरळ व्हायचा."

"का?"

"मला माहीत नाही."

"इतकी वर्षं समोर बसून?"

"सव्वीस वर्षं बघितलं. माहीत नाही, व्हर्ना."

तिने आपलं बोट त्याच्या बोटामागे पत्र्यावर ठेवलं.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली. "सावकाश."

तो पुन्हा सुरुवातीपासून निघाला. तिचं बोट मागून येत होतं. तिने एकदाही त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मैदान संपेपर्यंत ती बघेल की नाही, आणि बघितलं तर कसं, याचीच त्याला धास्ती होती.